मुकाट्याने एकेरी

सी भाषेतले एक साधे लूप घ्या. दहा कोटी आकड्यांच्या यादीतल्या प्रत्येकाचे वर्गमूळ काढायचे आणि दुसऱ्या यादीत ठेवायचे, एवढेच काम. लूपच्या डोक्यावर ‘प्राग्मा ओएमपी पॅरलल फॉर’ ही एक ओळ चढवली की ओपनएमपी या मानकाप्रमाणे ते काम यंत्रातल्या सगळ्या कोअरमध्ये वाटले जाते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण हीच फाइल जीसीसी कंपायलरला कोणताही जादा फ्लॅग न देता दिली, तर तो ती ओळ ओलांडून पुढे जातो. चूक दाखवत नाही की थांबत नाही. प्रोग्रॅम तयार होतो, चालतो, उत्तरही बरोबर देतो. आठ कोअरच्या यंत्रातले सात कोअर मात्र रिकामे बसून राहतात. ‘-एफओपनएमपी’ हा फ्लॅग दिला तरच ती ओळ जिवंत होते. दोन्ही वेळा मूळ कोड अक्षरशः तोच असतो. प्रोग्रॅम समांतर आहे की एकेरी, हे त्यामुळे नुसता कोड वाचून सांगता येत नाही. ते ठरते बिल्डच्या व्यवस्थेत, म्हणजे कोणती फाइल कोणत्या फ्लॅगसह कंपाइल करायची आणि कोणत्या लायब्ररीशी जोडायची हे लिहून ठेवलेल्या मेकफाइलमध्ये किंवा सीमेकच्या फाइलमध्ये. आणि तिथे आज सर्रास चालणारे धोरण ‘मिळाले तर वापरू, नाही तर राहू दे’ असे आहे. हे धोरण चुकीचे आहे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. समांतरता हवी असेल तर बिल्डने ती मागून घ्यावी आणि मिळाली नाही तर थांबावे. एकेरी प्रोग्रॅम हवा असेल, तर तोही कुणीतरी उघडपणे मागितलेला असावा.

मुळात ही सवलत आली कुठून? ओपनएमपीचे पहिले मानक ऑक्टोबर 1997 मध्ये फोरट्रानसाठी निघाले आणि वर्षभराने सी व सी++ साठी. तेव्हा एका यंत्रात अनेक प्रोसेसर ही प्रयोगशाळांची आणि बड्या कंपन्यांची चैन होती. शास्त्रज्ञाच्या टेबलावर एकाच प्रोसेसरचे यंत्र असे आणि मोठे यंत्र दूर कुठेतरी. एकच कोड दोन्हीकडे चालावा, त्याच्या दोन आवृत्त्या सांभाळाव्या लागू नयेत, ही गरज खरी होती. म्हणून समांतरतेच्या सूचना अशा रूपात घातल्या की त्या न समजणाऱ्या कंपायलरने त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. फोरट्रानमध्ये तर ती सूचना ‘उद्गारचिन्ह, डॉलर, ओएमपी’ अशी सुरू होते, आणि उद्गारचिन्हानंतरचा मजकूर फोरट्रानच्या लेखी निव्वळ टिप्पणी असतो. युक्ती देखणी होती. पुढे मे 2004 मध्ये इंटेलने ‘टेजस’ हा आपला नियोजित वेगवान प्रोसेसर रद्द केला. घड्याळाचा वेग वाढवत नेण्याचा रस्ता उष्णतेने अडवला होता, आणि वेग हवा तर कोअर वाढवा, एवढाच मार्ग उरला होता. आज खिशातल्या फोनमध्येही अनेक कोअर असतात. सवलतीमागचे कारण जवळजवळ संपले, तरी सवलत बिल्डच्या फाइलींमध्ये टिकून आहे.

आणखी एक गुंता सुरुवातीपासून आहे. मानकाने सूचना कशा लिहायच्या ते ठरवले. कंपायलरला ‘आता या सूचना माना’ हे कोणत्या शब्दांत सांगायचे, ते मात्र प्रत्येक कंपायलरवर सोडले. जीसीसीला हा आधार 2007 च्या 4.2 आवृत्तीपासून मिळाला आणि त्याचा फ्लॅग ‘-एफओपनएमपी’ झाला. इंटेलचा आधी ‘-ओपनएमपी’ होता, नंतर ‘-क्यूओपनएमपी’ झाला. सनच्या आणि पुढे ओरॅकलच्या कंपायलरला ‘-एक्सओपनएमपी’ लागतो, आयबीएमच्या जुन्या एक्सएल कंपायलरला ‘-क्यूएसएमपी’. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ मध्ये फ्लॅगची सुरुवातच तिरक्या रेघेने होते. अ‍ॅपल आपल्या क्लँगसोबत ओपनएमपीची लायब्ररी देतच नाही. नेहमीचा फ्लॅग दिला तर तो कंपायलर तो नाकारतो. लायब्ररी वेगळी बसवून, फ्लॅग प्रीप्रोसेसरच्या वाटेने आत सरकवून आणि लिंकरला लायब्ररीचे नाव देऊन काम भागवावे लागते. त्यातही खोच अशी की एकाच फ्लॅगचे दोन घरी दोन अर्थ असू शकतात. ‘-एमपी’ म्हणजे पीजीआयच्या कंपायलरमध्ये ‘ओपनएमपी चालू करा’. इंटेलच्या जुन्या कंपायलरमध्ये त्याचाच अर्थ ‘अपूर्णांकांची अचूकता जपा, भले वेग कमी होवो’. चुकीच्या घरी दिलेला हा फ्लॅग निमूट स्वीकारला जाई आणि नेमके उलटे फळ देई.

हे सगळे माणसाने लक्षात ठेवायचे नाही, म्हणूनच बिल्डची साधने आहेत. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या ‘मेक’ला कंपायलरच्या स्वभावाशी काही देणेघेणे नव्हते, कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे आणि काय जुने झाले आहे, एवढेच ते पाहते. (मेकला ‘-जे’ देऊन आठ फाइली एकदम कंपाइल करता येतात. नवशिके त्यालाच समांतर प्रोग्रॅमिंग समजतात, पण आठ गवंड्यांनी बांधलेल्या घरात आठ कुटुंबे राहतीलच असे नाही.) कंपायलरच्या स्वभावाची चौकशी करणारी साधने नंतर आली. ऑटोकॉन्फने 2008 च्या 2.62 आवृत्तीत ओपनएमपीसाठी खास चाचणी दिली. तिची पद्धत सरळ आहे: एक चिमुकला प्रोग्रॅम घ्यायचा, त्यात ‘_ओपनएमपी’ हा मॅक्रो नसेल तर चूक द्या असे लिहायचे, आणि मग माहीत असलेले फ्लॅग एकामागून एक लावून पाहायचे. कंपाइल होऊन लिंकही झाला, तो फ्लॅग खरा. पण फ्लॅग असे अंदाजाने फेकण्यात धोके असतात. कित्येक कंपायलर ‘-ओपनएमपी’ वाचताना पहिल्या ‘-ओ’पाशीच थांबतात. त्यांच्या भाषेत ‘-ओ’ म्हणजे तयार फाइलीचे नाव, म्हणून ते ‘पनएमपी’ नावाची फाइल बनवून मोकळे होतात. ‘-ओएमपी’चेही तसेच, त्यातून ‘एमपी’ नावाची फाइल निघते. त्या नावाची फाइल तुमच्या फोल्डरमध्ये आधीच असेल तर ती पुसली जाईल, म्हणून ऑटोकॉन्फच्या अलीकडच्या आवृत्त्या या नावांच्या फाइली आधी शोधतात आणि सापडल्यास बिल्ड थांबवतात. एका अनोळखी फाइलीच्या रक्षणासाठी थांबणारी ही चाचणी, ओपनएमपीच मिळाले नाही तर मात्र शेकडो ओळींच्या ओघात ‘अनसपोर्टेड’ एवढा एक शब्द छापते, फ्लॅगची जागा रिकामी सोडते आणि पुढे निघते. अग्रक्रम उलटे झाले आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

सीमेकची पद्धत अधिक शहाणी आहे. ते आधी कंपायलर कोणता हे ओळखते आणि त्याला साजेसेच फ्लॅग लावते. शिवाय त्या ‘_ओपनएमपी’ मॅक्रोची किंमतही वाचते. ही किंमत म्हणजे मानकाचे वर्ष आणि महिना: 200805 असेल तर 3.0, 201307 असेल तर 4.0, 201811 असेल तर 5.0. पण ती वाचायची कशी? चाचणीचा प्रोग्रॅम चालवून पाहणे सोपे, पण बिल्ड एका जातीच्या यंत्रावर आणि प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी असेल तर तो इथे चालणारच नाही. म्हणून सीमेक ती किंमत एका खुणेच्या मजकुरात गुंफून प्रोग्रॅममध्ये घालते आणि तयार झालेल्या फाइलीची अक्षरे चाळून ती खूण शोधते. 2017 च्या 3.9 आवृत्तीपासून ओपनएमपी हे सीमेकमध्ये जोडण्याजोगे एक लक्ष्य झाले; त्याच्याशी नाते सांगितले की कंपाइल करतानाचा फ्लॅग आणि लिंक करतानाची लायब्ररी एकत्र लागू होतात. त्याआधी लोक फ्लॅग हाताने चिकटवत, आणि अर्धाच चिकटवला की लिंकर ओरडत असे. तरीही मूळ दोष इथेही आहे. ओपनएमपी शोधण्याच्या आज्ञेपुढे ‘रिक्वायर्ड’ हा शब्द लिहिला नाही, तर ‘सापडले नाही’ अशी एक ओळ छापून सीमेक बिल्ड पूर्ण करते.

या मुकेपणाचा खर्च कोण भरतो? बहुतेक वेळा असा वापरकर्ता, ज्याने बिल्ड पाहिलेलेच नसते. पायथनमधली साय-किट-लर्न ही मशिन लर्निंगची लायब्ररी घ्या. कंपायलरला ओपनएमपी येत नसेल, तर ती त्याशिवायच बनते आणि तिच्या काही पद्धती एकेरी चालतात; हे बरे नव्हे, असे तिचे स्वतःचे बिल्डविषयीचे मार्गदर्शनच सांगते. म्हणून तिने ‘ओपनएमपी नसेल तर बिल्ड पाडा’ असा एक पर्यावरण-चल ठेवला, आणि तयार लायब्ररी ओपनएमपीसह बनली होती की नाही हे आवृत्तीच्या माहितीत छापले जाते. आर भाषेतले डेटा-टेबल हे पॅकेज याहून स्पष्टवक्ते आहे: ओपनएमपीशिवाय बनले असेल तर लोड होतानाच सांगते की मी चालेन, पण एकाच थ्रेडने. अर्थात हे सांगणे बिल्ड झाल्यावरचे, म्हणजे तुलनेने उशिराचे. जीसीसीला ‘-वॉल’ हा इशाऱ्यांचा फ्लॅग दिला असेल तर न समजलेल्या प्राग्माबद्दल तो इशारा देतो, हेही खरे. पण पाचशे फाइलींच्या बिल्डमध्ये इशाऱ्यांची नदी वाहत असते, आणि ती गप्प करण्यासाठी नेमका हाच इशारा बंद करणारे प्रकल्प कमी नाहीत.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप असा: हळू म्हणजे चूक नव्हे. फ्लॅग नसेल तर प्रोग्रॅम सावकाश चालेल, पण उत्तर तर बरोबर देईल; मग एवढा त्रागा कशाला? सगळ्या फाइली एकेरी बनल्या असतील तर हा युक्तिवाद टिकतो. गडबड होते ती अर्ध्या बिल्डमध्ये. जीफोरट्रानमध्ये ओपनएमपीचा फ्लॅग नुसता सूचना वाचत नाही. फ्लॅग नसेल तर तो कंपायलर ठरावीक मर्यादेहून मोठ्या स्थानिक अ‍ॅरे स्टॅकवर न ठेवता कायमच्या, सामाईक जागेत ठेवू शकतो. फ्लॅग दिला की त्या अ‍ॅरे सबरूटीन बोलावण्याच्या प्रत्येक वेळी नव्याने स्टॅकवर येतात. आता अशी फाइल घ्या जिच्यात ओपनएमपीची एकही ओळ नाही, फक्त एक गणिती सबरूटीन आहे. तिला समांतर फ्लॅगची गरज काय, असे वाटून कुणी ती फ्लॅगशिवाय कंपाइल केली. दुसऱ्या फाइलीतल्या समांतर लूपने ते सबरूटीन आठ थ्रेडमधून एकदम बोलावले, तर आठही जण एकाच अ‍ॅरेत लिहू लागतात. उत्तर चुकते, आणि दर वेळी वेगळे चुकते. कोडमध्ये दोष नाही. दोष आहे फ्लॅग एका फाइलीला देऊन दुसरीला न देणाऱ्या बिल्डमध्ये. उलट बाजूही आहे. फ्लॅग सगळीकडे दिल्यावर त्या मोठ्या अ‍ॅरेंनी स्टॅक भरून प्रोग्रॅम कोसळू शकतो, आणि लोक दोष ओपनएमपीला देतात.

यामागचे तत्त्व हान्स बोम यांनी 2005 मध्ये एका गाजलेल्या निबंधात मांडले होते: थ्रेड ही गोष्ट नुसती लायब्ररी म्हणून वरून जोडता येत नाही. कंपायलरला थ्रेड असण्याची कल्पनाच नसेल, तर वेग वाढवण्याच्या नादात तो कोडमध्ये नसलेले लेखन सामाईक चलावर करू शकतो. एका थ्रेडपुरते ते निरुपद्रवी असते, दोन थ्रेड असले की घातक. पुढे 2011 च्या सी आणि सी++ मानकांत स्मृतीचे नियम लिहिले गेले, त्यामागे याच विचाराची परंपरा आहे. बिल्डपुरता त्याचा अर्थ असा की समांतरतेचा फ्लॅग संपूर्ण प्रोग्रॅमचा असतो, एखाद्या फाइलीचा नव्हे. आणि चाचण्यांचे काय? तपासणीच्या यंत्रावर ओपनएमपी मुकाट्याने गळले असेल, तर सगळ्या चाचण्या एका थ्रेडवर उत्तीर्ण होतात आणि वापरकर्त्याच्या हाती पडतो तो प्रोग्रॅम कुणीच तपासलेला नसतो.

हळू म्हणजे चूक नव्हे, हे तरी सर्वत्र खरे आहे का? हवामानाचा उद्याचा अंदाज परवा हाती आला तर त्याचा उपयोग नाही. हवामानाच्या अंदाजासाठी जगभर वापरले जाणारे, भारतीय हवामान विभागातही वापरात असलेले डब्ल्यूआरएफ हे प्रतिमान या बाबतीत बघण्याजोगे आहे. त्याचे कॉन्फिगर गृहीत काहीच धरत नाही. ते कंपायलरांची यादी दाखवते आणि प्रत्येकापुढे चार पर्याय ठेवते: एकेरी, सामाईक स्मृतीवर समांतर, वेगवेगळ्या स्मृतींवर समांतर, आणि दोन्ही मिळून. माणसाला क्रमांक टाकावाच लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2018 मध्ये ‘प्रत्युष’ आणि 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉप्सचा ‘अर्क’ हे महासंगणक आले. अशा यंत्रांवर तिसऱ्या-चौथ्या पर्यायाचेच काम असते, आणि तिथे एमपीआय ही संदेश पाठवण्याची लायब्ररी लागते. एमपीआयची हेडर फाइल नसेल तर कंपाइलच होत नाही, त्यामुळे ते अधिक प्रामाणिक वाटते. पण त्याचाही एक मुका प्रकार आहे. प्रोग्रॅम एका एमपीआयने बनवला आणि सुरू केला दुसऱ्या एमपीआयच्या आज्ञेने, तर चौसष्ट प्रक्रिया सुरू होतात आणि त्यांतली प्रत्येक स्वतःला ‘एकातली पहिली’ समजते. तेच काम चौसष्ट वेळा होते, वीज तेवढीच जळते.

दुसरा आक्षेप तरुणांचा: हे सगळे जुन्या भाषांचे दुखणे आहे, आता थ्रेड भाषेतच आले. सी++ मध्ये 2011 पासून थ्रेड आहे हे खरे. पण लिनक्सवर कित्येक वर्षे असे होई की ‘-पीथ्रेड’ न देता लिहिलेला सी++ प्रोग्रॅम कंपाइल होई, लिंकही होई, आणि पहिला थ्रेड सुरू करताक्षणी ‘परवानगी नाही’ असा अगम्य निरोप देऊन मरे. ऑगस्ट 2021 मध्ये जीलिबसीच्या 2.34 आवृत्तीने थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन केली, तेव्हा हे थांबले. त्याहून बोलका नमुना सी++17 चा. त्या मानकाने सॉर्टसारख्या क्रियांना ‘समांतर करा’ असे सांगण्याची सोय दिली. जीसीसीची लायब्ररी ते काम इंटेलच्या टीबीबी लायब्ररीवर सोपवते, आणि दहाव्या आवृत्तीपासून ती सोपवते कशी, तर टीबीबीची हेडर फाइल यंत्रावर सापडली तर समांतर, नाही तर एकेरी. म्हणजे बिल्डच्या यंत्रावर एक फाइल आहे की नाही यावर ‘समांतर’ या शब्दाचा अर्थ ठरतो! वीस वर्षांनी, नव्या मानकात, तीच जुनी सवय.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. बिल्ड थांबवले तर नुकसान गरिबाचे होते: मॅक वापरणारी विद्यार्थिनी, जिला फक्त प्रोग्रॅम एकदा चालवून पाहायचा आहे, छोट्या उपकरणासाठी बांधणारा अभियंता, जिथे थ्रेडच नाहीत. त्यांना दार बंद करू नये, हे मान्य. म्हणून पर्याय तीन असावेत. नेहमीचा पर्याय ‘हवेच’. न मिळाल्यास बिल्ड थांबते आणि थांबताना काय बसवायचे तेही सांगते. दुसरा ‘नको’, जो एका शब्दात मागता येतो. तिसरा ‘मिळाले तर’, तोही असू द्या, पण कुणी निवडला तरच, आणि बिल्डच्या शेवटी निकाल ठळक छापून. विद्यार्थिनीला एक शब्द जास्त टाइप करावा लागेल. पण त्या एका शब्दानंतर तिला कळलेले असेल की आपला प्रोग्रॅम एकेरी आहे.

बिल्डने आग्रही असावे म्हणताना, काय त्याने ठरवू नये हेही सांगितले पाहिजे. थ्रेड किती, हा बिल्डचा प्रश्न नाही. बांधणाऱ्या यंत्राचे कोअर मोजून तो आकडा प्रोग्रॅममध्ये गोठवणे ही घोडचूक आहे. तो आकडा चालवताना ‘ओएमपी_नम_थ्रेड्स’ने किंवा यंत्राकडे विचारून यावा. मात्र ओपनएमपीची लायब्ररी कोणती, हा नक्कीच बिल्डचा प्रश्न आहे. एकाच प्रक्रियेत दोन भाग दोन वेगळ्या बिल्डमधून आले आणि दोघांनी इंटेलच्या लायब्ररीची आपापली प्रत आणली, तर ती ‘एरर 15’ देऊन प्रोग्रॅम बंद पाडते. तो निरोप टाळण्याचा पर्यावरण-चल शेकडो लोक डोळे झाकून वापरतात, जरी त्याच निरोपात लिहिलेले असते की याने प्रोग्रॅम कोसळू शकतो किंवा गुपचूप चुकीची उत्तरे देऊ शकतो. ओपनब्लास या मॅट्रिक्सच्या लायब्ररीचेही असेच: मुख्य प्रोग्रॅम ओपनएमपीचा असेल तर ओपनब्लासही तोच पर्याय चालू करून बांधा, असे तिच्या माहितीत सांगितले आहे. नाही तर दोघेही आपापले थ्रेड उभे करतात आणि एकाच कोअरसाठी भांडतात.

राहता राहिला पुरावा, तयार प्रोग्रॅम समांतर बनला की नाही याचा. ग्रोमॅक्स हा रेणूंच्या हालचालींचा प्रोग्रॅम प्रत्येक लॉगच्या माथ्यावर ओपनएमपी चालू आहे का ते छापतो. इमेजमॅजिकला आवृत्ती विचारली तर वैशिष्ट्यांच्या ओळीत ओपनएमपी आणि त्याचा क्रमांक येतो. हे करायला चार ओळी पुरतात, कारण ‘_ओपनएमपी’ मॅक्रो कंपायलर स्वतःच देतो. त्यावर बिल्डच्या चाचण्यांमध्ये आणखी एक घालता येते: दोन थ्रेडचा समांतर भाग सुरू करायचा, आतून थ्रेडची संख्या विचारायची, आणि उत्तर दोन आले नाही तर चाचणी पाडायची. तपासणीच्या यंत्रावर एकच कोअर असला तरी ही चाचणी चालते, कारण दोन थ्रेडना दोन कोअर लागत नाहीत.